सेकंदकाटा नावाचं नेट

दोन हजार एकोणीस सालची ही हकिगत. साल पक्कं ध्यानात राहिलं, कारण त्या साली घड्याळजींच्या घरातली एक धडधाकट, चालती वस्तू बदलली गेली, आणि त्या घरात असं आधी कधी झालेलं नव्हतं.

घड्याळजी म्हणजे कोपऱ्यावरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचे मालक. डोळ्याला भिंग लावून बसायचे. घरी आले तरी एक डोळा किंचित मिचकावलेलाच असायचा, त्यामुळे नव्या माणसाला वाटायचं, हे आपली थट्टा करतायत. थट्टा कसली, हसणंही त्यांना फारसं जमत नसे. त्यांचा एकच खाक्या होता: "चालतंय ना? मग हात लावायचा नाही." त्यांच्या घरातला रेडिओ त्यांच्या लग्नाच्या आधीचा होता. इस्त्रीची मूठ तारेने बांधलेली होती. पंखा फिरताना कण्हायचा, आणि कोणी त्याबद्दल बोललं की ते म्हणत, "कण्हतो पण फिरतो. या घरात बाकीचे नुसतेच कण्हतात."

बाकीचे म्हणजे मुख्यतः त्यांची बायको. गल्लीत सगळे तिला काकू म्हणत. काकू रफू करायच्या. दोन-तीन लाँड्र्यांचं काम त्यांच्याकडे यायचं: सिगारेटने जळलेले कोट, कसरीने खाल्लेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी. कापडाच्याच आतल्या शिवणीतून दोरा उपसायचा आणि भोकावर आडवा-उभा विणत जायचा, असं ते काम. त्याला दिवसाचा उजेड लागतो, म्हणून काकूंची खुर्ची वर्षानुवर्षं पहिल्या मजल्याच्या खिडकीत, रस्त्याच्या अंगाला. समोर बंद पडलेल्या छापखान्याची कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवर कोण बसलं, किती वेळ बसलं, कुणाशी भांडून उठलं, हे काकूंना मान वर न करता कळायचं.

मुलगे दोन. थोरला सावकाश. शाळेत जाताना बुटाची नाडी बांधायला बसला की घंटा व्हायची. धाकटा एका जागी टिकेल तर शपथ. घड्याळजींनीच त्यांची नावं पाडली होती, एक तासकाटा आणि दुसरा सेकंदकाटा. थोरल्याचं नाव पुढे मागे पडलं. तो विमा कंपनीत लागला आणि तिथे सावकाश असण्याला भारदस्तपणा म्हणतात. धाकट्याचं मात्र चिकटलं. त्याला सगळी गल्ली सेकंद म्हणायची. "ए सेकंद, मिनिटभर थांब," हा विनोद त्याने जन्मभर ऐकला आणि दर वेळी हसला.

सेकंद बापाच्या दुकानात बसायला लागला. हात चांगला होता, बसण्याचीच काय ती कमतरता. पहिल्यांदा हातात चार पैसे आले तेव्हा त्याने घरात टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घेतलं आणि बाजारातून स्वतः राउटर आणला. पांढरा चपटा डबा, दोन शिंगं, पुढे हिरवे दिवे. रेडिओच्या शेजारी ठेवला.

"हे काय आणलंस आता?" घड्याळजी.

"नेट, बाबा."

"रेडिओ चालतोय की."

"रेडिओ काढत नाहीये मी. त्याला शेजारी आणलाय."

"वीज खातो का?"

"तुमच्या पंख्याएवढी नाही."

मग नाव ठेवायची वेळ आली. फोनमध्ये त्या डब्याचं नाव दिसतं, असं त्याने आईला समजावलं. म्हणजे घराच्या दारावरची पाटी असते तशी, पण हवेत. "काय ठेवू?" म्हणाला, आणि तिचं उत्तर यायच्या आत टाकून मोकळा झाला: सेकंदकाटा. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक फोनवर तेच नाव. घड्याळजींनी दोन दिवस नाक मुरडलं आणि तिसऱ्या दिवशी जुन्या गाण्यांसाठी तेच नेट लावून मागितलं. डबा चालत होता, तेव्हा त्याच्याबद्दल पुढे बोलायचं काही कारण राहिलं नाही.

त्यानंतर एका वकिलाचं घड्याळ हरवलं.

सोन्याच्या पट्ट्याचं, बापजाद्यांचं घड्याळ. वकिलाने तेल-पाण्याला दिलं होतं. न्यायला आला तेव्हा तबकात नव्हतं. गल्ल्यापाशी आणखी दोन गिऱ्हाइकं उभी. घड्याळजींनी खण उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मग डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं, धाकट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खिसे दाखव."

त्याला आधी वाटलं, बाबा गंमत करतायत. डोळा मिचकावलेला होता ना. मग समजलं. त्याने खिसे उलटे करून गल्ल्यावर रिकामे केले: रुमाल, बारीक पेचकस, बसचं जुनं तिकीट, काकूंनी कधीतरी दिलेलं पेपरमिंट, कागदाला चिकटलेलं. तेवढं तिथेच ठेवून तो दुकानातून बाहेर पडला आणि घरी येऊन कपडे भरायला लागला.

काकूंनी रडून पाहिलं, दार अडवून पाहिलं. तो म्हणाला, "आई, त्यांनी ये म्हटलं की येईन. त्याशिवाय जिना चढणार नाही."

घड्याळजी संध्याकाळी म्हणाले, "मी कुणाला जा म्हटलं नव्हतं."

दोघांचंही खरं होतं, आणि त्यातच सगळं अडलं.

घड्याळ आठवडाभरात सापडलं. खणाच्या मागच्या फटीतून घरंगळून खालच्या फळीवर पडलं होतं. घड्याळजी स्वतः ते घेऊन वकिलाच्या घरी गेले, त्याची माफी मागितली, दुरुस्तीचे पैसेही घेतले नाहीत. वकील भला माणूस, त्याने चहा पाजला. घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं, खणाला आतून पट्टी ठोकली तेही सांगितलं. काकू वाट पाहत राहिल्या. पण पुढचं वाक्य आलं नाही. घड्याळजींनी ताट पुढे ओढलं आणि मीठ मागितलं.

सेकंद गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहिला. पार्सलं पोचवायच्या कामाला लागला. त्याच्या पायाला ते काम बरं होतं. आणि आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, घड्याळजी दुकानात असताना, तो स्कूटर घेऊन छापखान्याच्या भिंतीपाशी यायचा. भिंतीवर बसायचा, फोन काढायचा. घराच्या भिंतीतून जेवढं नेट रस्त्यावर सांडायचं तेवढं त्याला पुरायचं. तिथून तो आईला व्हिडिओ कॉल करायचा. ती खिडकीत, तो खाली, मध्ये एक रस्ता. समोरासमोर दिसत असताना दोघं फोनमध्ये बघून बोलायची.

"अरे, साधा फोन कर की. नाहीतर मान वर करून बोल, ऐकू येतं मला."

"असू दे गं. आपलं नेट आहे, वापरतो." मग तो हसायचा. "आई, इथे आलो की फोन आपोआप जोडला जातो बघ. मला काही करावं लागत नाही. जिन्याने नाही घेतलं तरी नेट घेतंय मला घरात."

काकूंना त्या यंत्रांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे कळलं.

एकदा तो म्हणाला, "बाबांना तो पासवर्ड बदलता येतो, माहितेय? दादाला सांगितलं तर तो पाच मिनिटांत बदलेल. अजून बदलला नाही. म्हणजे आहे काहीतरी." आणि थट्टेच्याच सुरात, "ज्या दिवशी बदलेल ना, त्या दिवशी मी समजेन. मग इथे बसून गल्लीची शोभा वाढवणार नाही."

काकू खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडायच्या. त्यात त्याचा रफू केलेला शर्ट असायचा. सेकंद तो काढून घ्यायचा आणि पिशवीत दुसरा फाटका टाकायचा. पेनं, पावत्या, काय काय कोंबून त्याचे खिसे नेहमी उसवलेले. काकू लाँड्रीचं काम बाजूला ठेवून आधी तो खिसा शिवायच्या. दोन वर्षं हे असं चाललं. घरातलं कुणी त्याबद्दल बोललं नाही, आणि आपल्याशिवाय हे कुणाला ठाऊक नाही, अशी काकूंनी स्वतःची समजूत करून घेतली.

थोरल्याचं लग्न झालं होतं. सूनबाई घरात बसून काम करायची, कुठल्याशा परदेशी कंपनीचे हिशेब. दिवसभर कानाला यंत्र लावून मीटिंगा. आणि नेट असं की ऐन बोलण्यात तिचं तोंड उघडं राहून थिजायचं.

"मी आज साहेबांसमोर पाच मिनिटं शिंकायच्या बेतात होते म्हणे," ती एका संध्याकाळी जेवताना म्हणाली. "सगळ्यांनी फोटो काढून ठेवलाय. आई, तुम्ही हसू नका."

"हसत नाही गं."

"टेलिफोन कंपनी जुन्या तारा काढतेच आहे. नवीन कंपनी काचेची तार देते. पैसे कमी, वेग दहापट. राउटरही त्यांचाच, फुकट."

काकूंचा घास तिथेच थांबला.

"राउटर आहे की आपल्याकडे," घड्याळजी म्हणाले.

"तो जुना झाला, बाबा."

"चालत नाही का?"

"चालतो, पण..."

"मग झालं तर."

काकूंनी घास गिळला. सूनबाई सोडणारी नव्हती. "बाबा, तो आत्ताची तार पेलतो. नव्या तारेचा वेग त्याच्यातून निम्माही बाहेर यायचा नाही. मोठ्या नळाला बारीक तोटी लावल्यासारखं. आणि कंपनीने त्याच्या सुरक्षेकडे बघणंही सोडलंय, कुणीही आत घुसू शकतं."

"आपल्याकडे घुसून नेणार काय? रेडिओ?"

थोरला हळूच म्हणाला, "दोन्ही करता येतं म्हणतात. तार नवी, राउटर जुना."

"तुम्ही गप्प बसा," सूनबाई म्हणाली. "तुमच्या मीटिंगा फायलींशी असतात."

चार-पाच दिवस रोज जेवताना हाच विषय. आणि काकू रोज घड्याळजींच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांचा हिशेब सरळ होता. या माणसाने कधी इस्त्री बदलली नाही, पंखा बदलला नाही. दाढीचं पातं बदलताना ज्याला वाईट वाटतं, तो चालता राउटर काढू देईल? शक्यच नाही. आपण मध्ये तोंड घातलं तर उलट संशय यायचा: हिला कशाला पडलंय राउटरचं? फुकट सगळं बाहेर पडायचं. त्यापेक्षा गप्प बसावं. त्यांच्या हट्टाने इतकी वर्षं आपल्याला छळलं, आता एकदा आपल्या कामाला येईल. अशा नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाच असा हिशेब सुचला असता, आणि तो चुकीचा होता.

तारवाला आला. पोट सुटलेला, मिशाळ, शिडीवर चढताना स्वतःलाच धीर देणारा माणूस. खांबावरून बारीक काळी तार खिडकीच्या चौकटीतून आत आणली, भिंतीला बारीक खिळे ठोकले, आणि खोक्यातून नवा राउटर काढून जुन्याशेजारी ठेवला. नवा काळा होता, चार शिंगांचा.

"आता सांगा," तो कपाळ पुसत म्हणाला. "जुना ठेवायचा असेल तर आमच्या डब्यातून तार काढून याला जोडून देतो. चालेल. सावकाश चालेल, पण चालेल. नाहीतर हा नवा. माझं काही जात नाही, दोन्हीकडे मला चहा एकच मिळतो."

सूनबाई हसली. काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या, हातात चहाचा ट्रे. घड्याळजी खुर्चीत. त्या दिवशी दुकान अर्ध्यावर सोडून आले होते; तार भिंतीत नीट जाते की नाही ते बघायला, असं म्हणाले होते.

त्यांनी पांढऱ्या डब्याकडे पाहिलं. हिरवे दिवे लुकलुकत होते. मग म्हणाले, "नवा लावा."

थोरल्याने चमकून वर पाहिलं. सूनबाईला आपण जिंकलो हे कळायला क्षण लागला. "बघा, मी म्हटलं नव्हतं? बाबा ऐकतात, नीट सांगावं लागतं."

तारवाल्याने जुन्याची वायर काढली. दिवे गेले. नव्याचे लागले. तो फोनवर बोटं चालवत म्हणाला, "नाव अन् पासवर्ड जुनाच ठेवू ना? मिनिटाचं काम आहे. म्हणजे घरातले सगळे फोन आपोआप लागतात, पुन्हा कुणाला काही करावं लागत नाही. सगळे तेच करतात."

"हो, ठेवा की," सूनबाई म्हणाली. "आता परत सगळ्यांचे फोन कोण करत बसणार?"

"नको," घड्याळजी म्हणाले.

"अहो बाबा, नुसतं नाव..."

"नको म्हटलं ना. कंपनीचं जे काय येतं तेच असू दे. पासवर्ड पण तोच. नवा."

आणि हे म्हणताना त्यांनी मान वळवली आणि काकूंकडे पाहिलं. दोन्ही डोळे उघडे. तेव्हा काकूंना समजलं की या माणसाला सगळं ठाऊक आहे. भिंत ठाऊक आहे, दुपार ठाऊक आहे, दोरीची पिशवी ठाऊक आहे. कधीतरी चष्मा विसरला म्हणून परत आले असतील आणि कोपऱ्यावरूनच मागे फिरले असतील. ते बघत होते, बघत राहिले. थोरला जमिनीकडे बघत होता. तारवाला अंगठा अधांतरी धरून थांबला होता.

काकूंच्या ओठावर आलं होतं. एवढंच: जुनंच राहू द्या. तीन शब्द. पण चाळीस वर्षांत त्यांनी चारचौघांत नवऱ्याचा शब्द खोडला नव्हता, आणि परक्या माणसासमोर पहिल्यांदाच खोडायचा म्हणजे जीभ कुठून उचलायची तेच कळेना. त्यांनी ट्रे पुढे केला.

"चहा घ्या," त्या म्हणाल्या.

तारवाल्याने कप उचलला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा फोनवर टेकवला.

दुसऱ्याच दिवशी सेकंदची सुट्टी होती.

काकू सकाळपासून एकाच कोटाची एकच बाही घेऊन बसल्या होत्या. फोन करून आधीच सांगावं असं चारदा मनात आलं. पण काय सांगायचं? कदाचित त्याच्या लक्षातही येणार नाही, असं वाटून घेऊन त्या सुई ओवत राहिल्या.

तो आला. स्कूटर लावली, भिंतीवर चढून बसला, फोन काढला. बघितलं. फोन बंद करून पुन्हा चालू केला. दोन पावलं इमारतीकडे येऊन हात उंच धरला. मग खिडकीकडे मान वर केली. काकूंचा फोन वाजला. साधा फोन.

"आई, लाइट गेलीय का?"

"नाही रे."

"मग नेट?"

"कंपनी बदलली. वहिनीच्या कामाला ते पुरत नव्हतं."

"बरं केलं. ती जुनी भिकारच होती." तो मनापासून म्हणाला. "राउटर?"

"नवा दिला त्यांनी. फुकट."

"हं. बाबांनी घेतला?"

"हो."

तो जरा हसला. "कमाल आहे. नाव काय ठेवलंय?"

"कंपनीचंच काहीतरी. अक्षरं आणि आकडे."

खालून एक हातगाडी गेली. "आई, जुनं नाव ठेवता येतं. पासवर्डही. लावणारा स्वतःहून विचारतो. विचारलं नाही का त्याने?"

इथे खोटं बोलायची सोय होती. नाही विचारलं, एवढंच म्हणायचं. पण या पोराने पिशवीतून येणाऱ्या शर्टावरून आईची तब्येत ओळखली होती. टाका सैल पडला की विचारायचा, ताप होता का.

"विचारलं," काकू म्हणाल्या.

"मग?"

"हे नको म्हणाले."

"ते म्हणणारच." त्याच्या आवाजात राग नव्हता. "त्यांचं मला कळतं. तू काय म्हणालीस?"

काकूंनी मांडीवरची बाही घट्ट धरली. "मी चहा केला होता. चहा देत होते."

"चहा."

"अरे, परका माणूस बसलेला. सगळ्यांसमोर कसं..."

"माझे खिसे पण सगळ्यांसमोरच बघितले होते, आई."

तो खाली उभा होता, भर उन्हात. त्याचा चेहरा तिला स्पष्ट दिसत होता आणि फोनमध्ये मात्र नुसता आवाज. ती घाईने म्हणाली, "थांब, मी तुला नवा पासवर्ड सांगते. डब्याखाली चिकटवलाय. वाचून दाखवते, लिहून घे."

"नको. मागून घ्यायचा असता तर मी जिनाच चढलो नसतो?"

तिने पिशवी सोडली. दोरी हाताला काचत होती. त्याने शर्ट काढून घेतला, नीट घडी केली, स्कूटरच्या डिकीत ठेवला. पिशवीत दुसरा फाटका शर्ट टाकला नाही. दोरी हलकेच ओढून खूण केली, नेहमीसारखी. पिशवी वर आली ती रिकामी.

जाताना त्याने हात केला. तोही नेहमीसारखाच. पुढच्या सुट्टीला भिंतीवर कुणी नव्हतं. त्याच्या पुढच्याही नव्हतं.

सूनबाईचं नेट उत्तम चालू झालं. तिचं तोंड पुन्हा कधी उघडं राहिलं नाही. "फरक पडला की नाही, आई?" ती विचारायची. "पडला गं," काकू म्हणायच्या.

आता त्यातल्या कुणाचं काय झालं ते सांगते.

सेकंद दुसऱ्या शहरात गेला. तिथे पार्सलांच्या मोठ्या गोदामात मुकादम झाला. आता तो बसून असतो आणि दुसरे पळतात. लग्न केलं, फोटो पाठवला. आईला महिन्यातून एखादा फोन करतो. चौकशी सगळी करतो, गुडघ्याची, डोळ्यांची. शर्ट पाठवत नाही.

थोरल्याची बदली झाली. तो आणि सूनबाई मोठ्या घरात राहायला गेली. तिथे तीन खोल्यांना तीन राउटर आहेत. तारवाला खांबावरून पडला, पाय अधू झाला. आता कंपनीच्या ऑफिसात तक्रारी घ्यायला बसतो आणि येणाऱ्याला चहा आहे का विचारतो. वकील अजून तेच घड्याळ बांधतो. ते वेळ अचूक दाखवतं.

घड्याळजींनी दोन वर्षांनी अंथरूण धरलं. शेवटी शेवटी त्यांना बोलायला धाप लागायची, तरी एका दुपारी, काकू चमच्याने पाणी पाजत होत्या तेव्हा, म्हणाले, "त्या दिवशी तू काही बोलली नाहीस."

कुठल्या दिवशी ते काकूंनी विचारलं नाही.

"मी बघत होतो तुझ्याकडे. म्हटलं, ही एक शब्द बोलली तर ठेवू जुनंच. त्याला बोलवू पण. माझ्या तोंडून निघत नव्हतं. तुझ्या तोंडून निघालं असतं तर बरं झालं असतं." धाप. "तू चहा दिलास."

काकूंनी चमचा वाटीत ठेवला. उभ्या जन्मात या माणसाने त्यांना विचारून काही केलं नव्हतं. खोली घेतली तेव्हा विचारलं नाही, दुकान वाढवायचं नाही असं ठरवलं तेव्हा विचारलं नाही, पोराचे खिसे उलटे केले तेव्हा तर नाहीच. एकदाच विचारलं, आणि तेही डोळ्यांनी, परक्या माणसासमोर, पोराला बाहेर ठेवायचं ओझं अर्धं हिच्या डोक्यावर द्यायला. आणि पोरगाही जाताना तेच विचारून गेला. बापाला कुणी काही विचारलं नाही.

"पाणी हवंय का आणखी?" त्या म्हणाल्या.

ते गेल्यावर सेकंद आला. तेव्हा पहिल्यांदा जिना चढला. ये म्हणणारं आता कुणी नव्हतं आणि नको म्हणणारंही. खोलीत गर्दी होती. त्याला गोदामात कुणाला तरी निरोप पाठवायचा होता, फोनला रेंज नव्हती. त्याने वहिनीला हळूच विचारलं, "नेट आहे का?" तिने डबा उलटा करून खालच्या चिठ्ठीवरचे अक्षर-आकडे वाचून दाखवले. पाहुण्याने टिपून घ्यावेत तसे त्याने ते टिपून घेतले, आणि थँक्यू म्हणाला.

दुकान रिकामं केलं तेव्हा खालच्या खणात, भिंगं पुसायच्या पिवळ्या मऊ कापडात गुंडाळलेलं काही निघालं. पांढरा डबा, दोन शिंगं, वायर नीट वेटोळं करून दोऱ्याने बांधलेली. चालती वस्तू टाकून द्यायची त्या माणसाला सवयच नव्हती. थोरला म्हणाला, भंगारवाल्याला देऊ. काकूंनी तो घरी आणला आणि खिडकीत, आपल्या खुर्चीपाशी, बटण दाबून लावला.

थोरला पुढच्या खेपेला आला तेव्हा त्याने पाहिलं. "आई, हे काय? याला तारच जोडलेली नाही. याच्यातून नेट येत नाही."

"दिवे लागतात," काकू म्हणाल्या.

"नुसते दिवे. आणि फोनवर नाव दिसेल, बाकी काही नाही."

"तेवढंच."

तो समजुतीने म्हणाला, "तो आता आला तरी त्याचा फोन आपोआप जोडला जाणार नाही, आई. फोन नवा आहे त्याचा. जुनं काही राहत नाही नव्या फोनात."

काकूंनी सुई उजेडाकडे धरली आणि दोरा ओवला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "वीज पंख्याएवढी खात नाही."